भैयाजी सालोडकर विरुद्ध सरकार

जेवायला बसल्यावर पानाभोवती चित्राहुती घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चित्राय स्वाहा, चित्रगुप्ताय स्वाहा, यमाय स्वाहा, अशी भाताची शितं पानाच्या उजव्या अंगाला ठेवायची आणि मग पहिला घास घ्यायचा. पण यमधर्म आणि सर्व भूतमात्र आटोपल्यावर भाताची चांगली मूठभर रास वेगळी काढून, तिच्याभोवती पाणी फिरवून, खणखणीत आवाजात "प्राप्तिकराय स्वाहा!" म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. भैयाजी सालोडकर.

मी अमरावतीहून पुलगावच्या पोस्टात बदलून आलो, त्या दिवशीची ही गोष्ट. भैयाजींच्या घरातल्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या आणि पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मला जेवायला बोलावलं होतं. ती रास पाहून मी बावरलो. भैयाजी म्हणाले, "घाबरू नका. यमाले एका शितात भागते. सरकारचं पोट मोठं आहे."

"आणि हा भात जातो कुठं?" मी विचारलं.

"गायीले," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "सरकारच्या नावानं आमची गाय लठ्ठ झाली."

भैयाजी वकील होते. रोज सकाळच्या गाडीनं वर्ध्याला कोर्टात जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. उंच, काटकुळे, गळाबंद काळा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि बोलताना उजव्या हाताची तीन बोटं सतत वर. ती तीन बोटं म्हणजे त्यांचं सगळं राज्यशास्त्र होतं. "चोर पकडा, सरहद्द राखा, न्याय द्या. झालं! चौथं बोट वर करायचा सरकारले अधिकार नाही." नळ, दिवाबत्ती, शाळा, दवाखाना, साखरेचा भाव, काहीही विषय निघाला की त्यांचा एकच प्रश्न असे, "पण त्यात सरकारचं काय काम?"

नगरपालिकेनं घराघरात नळ दिले तेव्हा भैयाजींनी नळ घेतला नाही. विहीर होती. गल्लीत खांबावर दिवा लावायला माणसं आली तेव्हा त्यांनी त्यांना पाणी पाजून परत पाठवलं आणि स्वतःच्या पैशानं दारावर एक मोठा कंदील टांगला. त्याची काच ते रोज स्वतः राखेनं पुसत. "ज्याचं दार, त्याचा दिवा. येणाऱ्याजाणाऱ्याले दिसलं पाहिजे, एवढंच ना? त्यात सरकारचं काय काम?" आमच्या गल्लीत तेवढ्याच भागात खड्डा नीट दिसायचा, हे मात्र खरं.

गावाजवळ लष्कराच्या दारूगोळ्याचा मोठा डेपो होता. भैयाजींच्या मते अख्ख्या मुलखात सरकारचं कायदेशीर काम तेवढं एकच चाललं होतं. डेपोच्या मोटारी रस्त्यानं जाऊ लागल्या की भैयाजी सायकलवरून उतरून बाजूला उभे राहत. आणि दोन मोटारींच्या मागून एखादी आरोग्य खात्याची जीप आली, की पाठ फिरवत.

माझी मात्र त्यांनी सोय लावली होती. मी पोस्टातला, म्हणजे सरकारी माणूस. त्यामुळं ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. "या सरकार, बसा सरकार, भाडं केव्हा देता सरकार?" असं चालायचं. पण पोस्टावर त्यांचा राग नव्हता. "पोस्टाचं मले पटते. ज्याले पत्र धाडायचं, त्यानं तिकीट लावावं. नाही धाडायचं, त्याले कोणी विचारत नाही. हा सौदा झाला. इन्कमटॅक्स म्हणजे मी पत्र लिहिलंच नाही, तरी माह्या कपाळावर तिकीट!"

आता वाचकांना वाटेल की भैयाजी प्राप्तिकराखाली अगदी भरडून निघाले असतील. तसं काही नव्हतं. भैयाजींनी जन्मात कधी प्राप्तिकर भरला नव्हता. त्यांचं उत्पन्न तिथवर पोचतच नव्हतं. अर्ध्या पक्षकारांना ते पहिल्याच भेटीत "तुमचीच चूक आहे, घरी जा" असं सांगत, आणि उरलेल्यांकडून फी मागायची त्यांना लाज वाटे.

हे गुपित गावाला कळलं ते इन्कमटॅक्सचे साहेब आले तेव्हा. साहेब डाकबंगल्यावर उतरल्याची बातमी आली आणि बाजारपेठेत एकदम लग्नसराई आल्यासारखं झालं. कापसाचे सगळे शेठ कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला गावाबाहेर निघून गेले. भैयाजी संतापले. "पळता काऊन बा? चुकवणारा भित्रा असते. समोर जाऊन सांगा की मान्य नाही म्हणून!" त्यांनी स्वतः त्या दिवशी कोर्ट बुडवलं. कोट घालून, पुस्तकं मांडून, ओसरीवर खुर्ची टाकून बसले. साहेब येतील, नोटीस देतील आणि मग आपण त्यांच्याशी मूळ तत्त्वावरच बोलू, असा बेत होता. काकूंनी पोहेसुद्धा भिजवून ठेवले होते.

साहेब आले नाहीत. दुपार झाली, उन्हं उतरली, पोह्यांचा लगदा झाला. शेवटी भैयाजी स्वतःच डाकबंगल्यावर गेले. मी पोस्टातून परत येत होतो, मला त्यांनी साक्षीदार म्हणून सोबत घेतलं.

साहेब थकलेले होते. दिवसभर त्यांना बंद दुकानांशिवाय काही भेटलं नव्हतं. भैयाजींनी नाव सांगितलं तसं ते म्हणाले, "सालोडकर वकील ना? आपल्याकडं आमचं काही काम नाही. आपलं उत्पन्न करपात्र नाही."

"म्हणजे?" भैयाजींची तीन बोटं अर्ध्यावरच थांबली.

"म्हणजे आपण निश्चिंत असा. आपल्याला काही द्यायचं नाही."

"पण मी देणार नाही म्हणतो ना!"

"हो, पण आम्ही मागतच नाही."

परत येताना भैयाजी माझ्यापुढं झपाझप चालत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "पाह्यलं सरकार? लढाईत शत्रूनं मारलं तर माणूस स्वर्गात जाते. या हरामखोरानं मले मोजलंच नाही!" काकूंनी आतून विचारलं, "आले का ते? पोहे गायीले टाकू?"

भैयाजींशी बरोबरीनं लढणारा गावात एकच माणूस होता, वानखडे मास्तर. सरकारी शाळेत शिकवायचे. मूळचे आष्टीकडच्या शेतकरी घरातले. वय तिशीच्या आसपास, अंगापिंडानं मजबूत, खादीचा सदरा आणि आवाज असा, की वर्गात बोलले तर शेजारच्या वर्गालाही इतिहास पाठ व्हावा. बेचाळीसच्या धामधुमीत पोरवयात त्यांनी आष्टीत लाठ्या खाल्ल्या होत्या. डाव्या हाताचं एक बोट तेव्हापासून सरळ होत नव्हतं. त्यामुळं भैयाजींची सरळ तीन बोटं आणि मास्तरांचं वाकडं एक बोट समोरासमोर आलं की हॉटेलातले लोक आपापले चहा घेऊन जवळ सरकत.

हे हॉटेल स्टेशनसमोर होतं. संध्याकाळच्या गाडीनं भैयाजी उतरले की थेट तिथल्या बाकावर. शाळा आटोपून मास्तर तिथं आधीच बसलेले असत. नमस्कार वगैरे काही नाही. कालचं वाक्य जिथं तुटलं, तिथून आजचं सुरू.

"जमिनीवर कर घेता, समजलं," भैयाजी म्हणायचे. "पण हे डोकं माह्या मायनं देल्लं. त्याच्या कमाईत सरकारचा वाटा कुठून आला?"

"डोकं मायनं देल्लं, कबूल हाये," मास्तर म्हणायचे. "पण त्या डोक्यात कायदा कोणं भरला? सरकारी कालेजानं! थ्या कालेजाचा सगळा खर्च तुमच्या बापानं केलता का? नाई ना? मंग गावच्या लोकायनं केलता. आता त्याइचं परत द्याची पाळी आली तं तुमाले तत्त्व आठवून राह्यलं!"

"अन् इंग्रजाले कर नाकारताना हेच तत्त्व तुम्हाले गोड लागत होतं, नाही?"

"थे सरकार परकं होतं. हे आमी आनलं, भैयाजी. मार खाऊन आनलं. आनलेल्या पाव्हण्याले जेवू घालाचं का नाई?"

"पाहुणा जेवून जाते, मास्तर! हा तर कोठीघराची किल्ली मागून राह्यला!"

हॉटेलात हशा व्हायचा. मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसायचे आणि मग लगेच गंभीर होऊन म्हणायचे, "पण चूक हाये ते." मालकाला या वादाचा इतका फायदा होता, की दोघांच्या चहाचे तो पैसे घेत नसे. भैयाजींना हे पटत नसे, पण "यात सरकारचं काय काम?" असं म्हणायची सोय नसल्यानं ते गप्प बसत.

त्या सुमारास आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. भैयाजी म्हणाले, "सरकार नागपूरहून उठून मुंबईले गेलं. हात लांब गेला, पण खिशातून काही निघाला नाही." पुढं संपत्तीवर कर आणि खर्चावर कर असे दोन नवे कर आल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा तर त्या बाकावर त्यांनी टोपीच काढून आपटली. "कमावलं तर कर, साठवलं तर कर, खर्चलं तर कर! आता माणसानं पैशाचं करावं काय, लोणचं?"

"तुमाले काय फरक पडते?" मास्तर म्हणाले. "तुम्ही तं तिन्ही करत नाई."

हा वाद एकदा मोठ्या व्यासपीठावरही झाला. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मंडळींनी जाहीर सभाच ठेवली. विषय, 'सरकारने प्राप्तिकर घ्यावा काय?' अध्यक्ष गावातले डॉक्टर. पटांगण भरून गेलं. पहिल्या रांगेत कापसाचे सगळे शेठ, धुतलेली धोतरं नेसून. भैयाजी आपलं वकीलपत्र फुकट घेणार, याचा त्यांना आनंद झाला होता.

भैयाजी त्या दिवशी रंगात होते. "मी दाराशी एक नोकर ठेवला," ते म्हणाले. "काम काय? चोर आला तर हाक मारायची. त्यानं पगार मागितला. बरोबर आहे, दिला. काही दिवसांनी तो म्हणाला, मालक, तुमच्या स्वैंपाकघरात फार तेल जाते, मी देखरेख करतो. मग म्हणाला, तुमच्या पोराले कोणत्या शाळेत घालायचं ते मी पाहतो. मग म्हणाला, तुमची कमाई किती ते मले रोज सांगत जा. मंडळी, आज तो पलंगावर निजून राह्यला, अन् मी दाराशी बसून चोराची वाट पाहून राह्यलो! अन् गंमत अशी, की चोर येऊन गेला तरी त्याले उठवायची सोय नाही, कारण तो साहेब आहे!"

टाळ्या थांबेनात. शेठ मंडळींनी तर एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

मग वानखडे मास्तर उठले. त्यांनी भाषण केलंच नाही. म्हणाले, "मंडळी, ज्याले ज्याले हा इन्कमटॅक्स नको असंल, त्यानं हात वर करावा."

सगळं पटांगण वर झालं. पहिल्या रांगेतल्या काहींनी दोन दोन हात वर केले.

"आता हात तसेच राहू द्या," मास्तर म्हणाले. "उन्हाळ्याच्या वादळानं पोरीयच्या शाळेचं छप्पर उडालं, तुमाले मालूम हाये. पोरी निंबाखाली बसतात. सरकारकडे मी अजून गेलो नाई. भैयाजी म्हनतात ना का त्यात सरकारचं काय काम? चला. जो आपल्या मनानं, कोनाच्या नोटिशीशिवाय, थ्या छपराले टिनाचा एक पत्रा देईन, त्यानं हात वर ठेवावा. बाकीच्यायनं खाली घ्यावा."

हात खाली येऊ लागले. कुणाला एकदम टोपी नीट करायची आठवण झाली, कुणाला कान खाजवायचा होता. पहिली रांग सगळ्यात आधी खाली आली. बघता बघता पटांगणात एकही हात उरला नाही.

मास्तर बोलायला तोंड उघडणार, इतक्यात लोक हसू लागले, कारण व्यासपीठावर त्यांच्या मागं भैयाजी उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात वर होते. चेहरा लाल झाला होता. ते पहिल्या रांगेकडं पाहत होते आणि मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"लाज वाटू द्या," ते म्हणाले. "मी तुमच्यासाठी घसा फोडून राह्यलो होतो. माणूस आपण होऊन देईल, या भरवशावर माह्यं सगळं तत्त्व उभं आहे. तुम्ही तर माह्याच पायाखालची फळी ओढली!"

सभेत कोण जिंकलं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. अध्यक्षांनी दोघांचे आभार मानले आणि चहाची व्यवस्था उत्तम असल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवसापासून गावानं एक नवा तमाशा पाहिला. भैयाजी आणि मास्तर खांद्याला खांदा लावून बाजारात दुकानोदुकानी हिंडत होते. एकाच्या खांद्यावर झोळी, दुसऱ्याच्या तोंडात विनंती, आणि दोन दुकानांच्या मधल्या रस्त्यात कडाडून भांडण. भैयाजी संध्याकाळी कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, "सरकार, एक गोष्ट मानली पाहिजे. तुमची माणसं येण्याआधी नोटीस तरी धाडतात. हे शेठ लोक तर मले पाहून मागच्या दारानं पळून राह्यले!"

शेवटी अर्धे पत्रे लोकांकडून मिळाले. उरलेल्या अर्ध्यांसाठी मास्तरांनी सरकारी मदत आणली. भैयाजींनी ती घेऊ नये म्हणून शेवटपर्यंत खिंड लढवली, पण पोरी वर आभाळाकडं पाहत बसल्या होत्या, त्यामुळं हरले. छप्पर चढलं. पूर्वेची बाजू लोकांची, पश्चिमेची सरकारची. पाऊसकाळात दोघंही छत्र्या घेऊन शाळेत पाहायला गेले की कोणती बाजू गळते. दोन्ही गळत होत्या. तेव्हा कोणती जास्त गळते, यावर पुढचे कित्येक दिवस निघाले.

असं सगळं सुरळीत भांडण चाललं असताना मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. बदली सिरोंचाला. आमच्याकडं सिरोंचा म्हणजे जगाचं टोक. चांदा जिल्ह्याच्या पार तळाशी, जंगल आणि नद्या ओलांडून. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात म्हातारी आई होती, तिची नजर जवळजवळ गेलेली. पुलगावच्या त्या लहानशा घरात ती भिंतीला हात लावत चुलीपासून रांजणापर्यंत बरोबर फिरायची. ती म्हणाली, "बापा, तू जाय. मले नव्या घरात वाट सापडाची नाई."

लोक म्हणाले, मास्तर, वर्ध्याला जाऊन शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटा, आईचं सांगा. मास्तर म्हणाले, "मी रोज बोंबलतो का सरकार साऱ्यायचं हाये. मंग माह्यापुरतं येगळं कसं मांगू? सिरोंचाच्या पोरायले मास्तर नको का?"

भैयाजींनी ही बातमी ऐकली तेव्हा मी तिथंच होतो. ते म्हणाले, "वा! उत्तम झालं. आता या बाकावर मनुष्याले निवांत चहा पिता येईल." आणि त्यांनी निवांत चहा प्यायला.

पण मास्तर सामानाच्या आवराआवरीला लागले, हॉटेलात येईनासे झाले, आणि भैयाजींची दशा फार विचित्र झाली. ते गाडीतून उतरून बाकावर बसत आणि स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडं पाहत राहत. मग मला पकडत. "सरकार, हा खर्चावरचा कर तुम्हाले न्याय्य वाटते?"

"नाही भैयाजी, तुमचं बरोबर आहे."

"बरोबर कसं? तुम्ही सरकारी मनुष्य! विरोध करा ना बा काही!"

मी माझ्या कुवतीप्रमाणं विरोध करून पाहिला. पहिल्याच वाक्यात माझा पाडाव झाला. भैयाजींनी उसासा टाकला आणि म्हणाले, "जाऊ द्या. तुम्ही पोस्टात ठीक आहात."

घरी काकू मला हळूच म्हणाल्या, "जेवणात लक्ष नाही यांचं. काल मीठ नव्हतं भाजीत, तरी काही बोलले नाहीत. मीच मुद्दाम टाकलं नव्हतं."

मग एका सकाळी भैयाजी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. कोट, टोपी, सगळा जामानिमा. "सरकार, आज रजा टाका. माह्यासोबत वर्ध्याले चला. शिक्षण खात्याच्या कचेरीत जायचं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या माणसानं जन्मात सरकारकडं काही मागितलं नव्हतं.

"तिथली बोली मले येत नाही," ते जमिनीकडं पाहत म्हणाले. "तुमच्या घराण्यातली आहे. तुम्ही असलेले बरे."

गाडीत ते ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. कचेरीत शिपायानं आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. कोर्टात न्यायाधीशाला अडवणारा हा माणूस त्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन, पाय जुळवून बसला होता. शिपाई जवळून गेला की अर्धवट उठत होता.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे, नव्या राज्याबरोबर इकडं आलेले. बोलणं सौम्य. "बसा ना," ते म्हणाले. भैयाजी बसले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या आईचं सांगितलं, सत्राच्या मधोमध बदली झाल्याचं सांगितलं. अगदी शुद्ध बोलत होते, वाक्यं पाठ केल्यासारखी.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मास्तर स्वतः का आले नाहीत? आपण त्यांचे कोण?"

"मी त्यांचा विरोधक," भैयाजी म्हणाले.

"विरोधक?"

"त्यांचं एकही मत मला मान्य नाही. त्यांना माझं नाही."

साहेबांना हसू आलं. "मग तर ते जातात हे आपल्या दृष्टीनं चांगलंच आहे की."

भैयाजींनी उत्तर द्यायला नेहमीसारखा हात वर केला आणि तो तसाच खाली घेतला. टोपी या हातातून त्या हातात गेली. पाठ केलेली वाक्यं संपली होती.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांची बोली आपसूक घरची झाली, "कोर्टात माह्याशी रोज माणसं भांडतात, पण ते फी घेऊन. कचेरी सुटली का विसरून जातात. हा एक माणूस मनापासून भांडते. मी काल काय म्हणलो ते त्याले आज ध्यानात असते. मले पोरबाळ नाही. गावात सगळे मान देतात, हो भैयाजी, बरोबर भैयाजी, म्हणतात अन् निघून जातात. हा गेला तर मी रोज बरोबरच ठरीन, साहेब. ते माह्यानं सोसवणार नाही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. साहेबांनी समोरचा कागद उगीच सरळ केला. मग म्हणाले, "हुकूम रद्द करणं माझ्या हातात नाही. पण सिरोंचाला जायला तयार असलेला दुसरा एक शिक्षक आहे, त्याचं गाव तिकडचंच. नाचणगावच्या शाळेत एक जागा रिकामी आहे. वर लिहून पाहतो. वचन देत नाही."

नाचणगाव म्हणजे पुलगावला लागूनच. सायकलवर पाय मारला की आलं. भैयाजींना आभार मानायचे होते, पण सरकारचे आभार मानायची सवय नसल्यानं त्यांनी साहेबांना एकदम कोर्टातल्यासारखं "मी ऋणी आहे, मायलॉर्ड" असं म्हटलं आणि घाईनं बाहेर पडले.

जिन्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "हे मास्तरले कळलं, तर तुमचं सामान रस्त्यावर ठेवीन. समजलं? त्याले वाटंल मी त्याच्यावर उपकार केला. मग तो माह्याशी मोकळेपणानं भांडणार नाही."

काही दिवसांनी नवा हुकूम आला. त्या संध्याकाळी मास्तर सायकल हॉटेलाच्या दारात अक्षरशः टाकून आत धावले. भैयाजी बाकावर होते, मी शेजारी.

"भैयाजी! नाचनगाव! सिरोंचा रद्द, नाचनगाव झालं! माय थ्याच घरात राह्यते, मी सायकलनं जाईन-येईन!" त्यांना धाप लागली होती. आणि मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. वाकडं बोट भैयाजींच्या नाकासमोर नाचू लागलं. "आता सांगा! मी कोनाकडे गेलो नाई, कोनाचा वशिला नाई, कोनाची चिठ्ठी नाई. तरी सरकारनं आपल्या मनानं पाह्यलं का या मानसाची माय म्हातारी हाये, तिले दिसत नाई. म्हनत होते ना तुम्ही, सरकारले डोळे नसतात, काळीज नसते? बोला आता! सरकार आपल्या मनानं न्याय करते का नाई?"

सगळं हॉटेल भैयाजींकडं वळलं. असा सोपा चेंडू मास्तरांनी कधीच टाकला नव्हता. एका वाक्याचं काम होतं. मला ते वाक्य भैयाजींच्या ओठापर्यंत आलेलं स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बशीत चहा ओतायला लागले.

"असंल बा," ते चहाकडं पाहत म्हणाले. "एखांद्या वेळी करत असंल."

मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मालकाकडं. मग ते भैयाजींच्या शेजारी बाकावर टेकले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "भैयाजी, तब्येत तं बरी हाये ना तुमची?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी भैयाजींची टोपी मागं सारून कपाळाला हात लावून पाहिला. भैयाजींनी तो हात झटकला नाही.